हरितगृहाचें सोवळें

शेतकीच्या एखाद्या संशोधनसंस्थेंत गेलें असतां काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या भिंतींची एक लांबट इमारत आपणांस बहुधा दिसेल. तिला हरितगृह म्हणतात. आंत ओळीनें मांडलेल्या बाकांवर शेंकडों कुंड्या असतात. आणि दारावर, पाहुण्यास किंचित् रागच यावा अशा भाषेंत, नियमांची यादी टांगलेली असते. परवानगीवांचून आंत येऊं नये. पिवळे कपडे घालून येऊं नये. तंबाखू ओढून अथवा खाऊन आल्यास साबणानें हात धुतल्याखेरीज कशासहि स्पर्श करूं नये. पहिलें दार लागल्यावांचून दुसरें उघडूं नये. झाडांच्या घराला हें सोवळेंओवळें कशासाठीं, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. त्याचेंच उत्तर आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

हरितगृहांत ऊन, उष्णता, ओलावा आणि पाणी यांचें प्रमाण बऱ्याच अंशीं माणसाच्या हातीं असतें. म्हणून एका बदलाचा परिणाम इतरांपासून वेगळा काढून पाहतां येतो. परंतु रोपाला जें सुखाचें, तें किडीलाहि सुखाचें. उघड्या शेतांत पाऊस किडीस धुऊन काढतो, वारा उडवून लावतो, आणि तिला खाणारे कीटकहि तेथें असतात. काचेच्या आंत यांपैकीं फारसें कांहींच नसतें. टोमॅटोवरील पांढरी माशी उबदार हवेंत तीन-चार आठवड्यांत एक पिढी पुरी करते, आणि एकेक मादी शंभरांहून अधिक अंडीं घालूं शकते. त्यांतून हें घर पुष्कळदां सामाईक असतें. एका बाकावर कोणी नव्या वाणाची परीक्षा पाहत असतो, शेजारीं दुसरा अभ्यासासाठीं मुद्दाम कीड पाळीत असतो, तिसरा खतांचें प्रमाण ठरवीत असतो. बाकें निराळीं, पण हवा एक, नळ एक, दार एक.

माझ्या उमेदवारीच्या काळांत एकदां सकाळीं कीड पाळलेल्या दालनांतील काम आटोपून मी तसाच एका सहकाऱ्याचीं टोमॅटोचीं रोपें पाहावयास गेलों. दोन मिनिटेंच थांबलों असेन. महिन्याभरानें त्या रोपांच्या पानांखालीं पांढऱ्या माश्यांचे थवे दिसूं लागले, आणि त्याचा सहा महिन्यांचा प्रयोग उपटून जाळावा लागला. तो एक शब्दहि बोलला नाहीं. तें मौन मला अद्याप आठवतें. स्वच्छ दालनापासून आरंभ करावा, किडलेल्या दालनांत शेवटीं जावें, आणि तेथून त्या दिवशीं परत फिरूं नये, हा नियम मीं वाचला होता, पाळला नव्हता. पिवळ्या कपड्यांची मनाई याच जातीची आहे. पांढरी माशी व मावा यांना पिवळ्या रंगाची ओढ असते. म्हणून त्यांना पकडण्यासाठीं पिवळ्या चिकट पट्ट्या टांगतात. पिवळें वस्त्र नेसलेला मनुष्य हा त्यांना फुकटचें वाहन होतो.

तंबाखूविषयींचा नियम ऐकून पुष्कळांस हसूं येतें. परंतु तंबाखूच्या पानांवर फिकट व गडद हिरव्या रंगाचे पट्टे उमटविणारा मोझेक रोग ज्या विषाणूमुळें होतो, तो वाळलेल्या पानांत वर्षानुवर्षें टिकतो. विडी-सिगारेटींतून तो बोटांवर येतो आणि रोपाला पडलेल्या बारीकशा जखमेंतून आंत शिरतो. तंबाखू, टोमॅटो व मिरची हीं एकाच कुळांतलीं असल्यामुळें तिघांसहि त्याचें भय आहे. याच विषाणूचे स्फटिक वेंडेल स्टॅन्ली यांनीं १९३५ सालीं मिळविले, आणि १९४६ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला. इतक्या कीर्तिवंत विषाणूला अडविण्यास साबण आणि पाणी यांचा मोठा उपयोग होतो!

शेजाऱ्यास न कळवितां औषध फवारूं नये, हा नियमहि तितकाच महत्त्वाचा. १९२६ सालीं इंग्लंडांत पांढऱ्या माशीच्या पिलांत स्वतःचीं अंडीं घालणारा एन्कार्सिया नांवाचा एक अतिसूक्ष्म कीटक आढळला. चेशंट येथील संशोधनकेंद्रानें तो वाढवून बागाइतदारांस पुरविला. पुढें डीडीटीसारखीं औषधें आलीं तेव्हां तो मागें पडला. माश्या त्या औषधांना दाद देईनाशा झाल्यावर त्याची पुन्हां आठवण झाली. अशा मित्रकीटकांवर एखादा संशोधक प्रयोग करीत असतां शेजाऱ्यानें एका संध्याकाळीं फवारा मारला, तर सकाळपर्यंत सारें सैन्य गारद होतें.

आतां माणसाच्या जिवाविषयीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले. तीं शेतें तर उघडीं होतीं. बंद हरितगृहांत विषारी वाफ कोंडून राहते. म्हणून फवारणीनंतर दारावर औषधाचें नांव, वेळ आणि प्रवेशाची मुदत लिहिलेली पाटी लावतात. ही मुदत औषधाप्रमाणें कांहीं तासांची किंवा कांहीं दिवसांची असते. ती संपून हवा पुरती खेळेपर्यंत आंत पाऊल टाकूं नये. आपल्या देशांत कीटकनाशकाच्या डब्यावर एक तिरपा चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असल्यास औषध अत्यंत विषारी समजावें. पिवळा, निळा व हिरवा हे रंग उतरत्या क्रमानें कमी विषारीपणा दाखवितात. ओल्या हातानें विजेचें बटण दाबूं नये, पाण्याची नळी वाटेंत पसरून ठेवूं नये, कडक उन्हांत आंत एकट्यानें फार वेळ काम करूं नये, ह्याहि गोष्टी त्याच यादींत येतात.

झुरळांसाठीं घरीं आणलेल्या डब्यावरहि तो चौकोन असतो. आज रात्रीं तो एकदां पाहून ठेवावा. आणि पुढें कधीं हरितगृहाच्या दारावरील ती कडक भाषेंतील यादी दिसली, तर रागावूं नये. त्या सोवळ्यांत लहानमोठा कोणी नाहीं. संस्थेच्या संचालकांनीं देखील हात धुऊनच आंत जावयाचें असतें. आंतल्या एखाद्या कुंडींत कोणाची तरी वर्षाची मेहनत वाढत असते.