गल्ला, शटर आणि गल्ल्यापाशी उभे असलेले मूल

आपल्या मोहल्ल्यातल्या किराणा दुकानांचे वेळापत्रक सगळ्या गावाला पाठ असते. जुम्याची नमाज, रमजानमध्ये मगरीबची अजान, रात्री तरावीह. त्या वेळी दुकान कोण सांभाळते? बहुतेक ठिकाणी घरातला सर्वांत लहान मुलगा, नाहीतर अर्धे ओढलेले शटर. सूरह जुमुआमध्ये जुम्याची अजान झाली की खरेदी-विक्री थांबवण्याचा स्पष्ट आदेश आहे. मग शटर पूर्ण ओढून, कुलूप लावून, गल्ल्यातली रक्कम सोबत घेऊनच निघावे. अर्ध्या तासात गिऱ्हाईक तुटत नाही.

"अल्लाह राखणदार आहे" हे खरेच. पण उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावे, ही नबी (स.) यांची शिकवण तिरमिजीत आली आहे.

शटरला दोन्ही टोकांना कुलपे असतात आणि मधला पत्रा पहारीने वाकवला जातो. म्हणून मध्येही सेंटर लॉक हवे. कॅमेरा छताला लावला तर नुसत्या टोप्या दिसतात. तो चेहरा दिसेल अशा उंचीवर, दार आणि गल्ल्याकडे तोंड करून बसवावा. चित्रण साठवणारा डीव्हीआर गल्ल्याखाली ठेवू नये, चोर तोच उचलून नेतात. घर मागेच असेल तर घरात ठेवावा. क्यूआर कोडवर दुसराच कागद चिकटवण्याचे प्रकार होतात, तेव्हा रोज सकाळी तो घरातल्या फोनने स्कॅन करून नाव वाचावे. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या हिरव्या खुणेवर माल सोडू नये. पैसे आपल्या खात्यात आल्याची खात्री करावी.

एवढे सोपे आहे. अवघड आहे ते पुढचे. एखादे मूल चॉकलेट खिशात घालताना सापडते. दोन चापट्या बसतात, कुणीतरी फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत तो मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरतो. दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत येत नाही. आम्हा शिक्षकांना कारण चार दिवसांनी कळते. पाच रुपयांच्या मालासाठी केवढी ही किंमत! मारणे हा गुन्हाच आहे आणि २०१५च्या बाल न्याय कायद्याने अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई केली आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीतही कायदा इतका कठोर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे.

मुलाच्या अब्बांना किंवा अम्मीला बाजूला बोलावून सांगावे, तेही आवाज न चढवता. दुकानात कामाला असलेल्या मुलावर पुराव्याशिवाय बोट दाखवू नये. सूरह हुजुरातमध्ये संशय घेत राहण्यापासून रोखले आहे. रोज रात्री त्याच्यासमोरच हिशेब मोजला तर संशयाला जागाही उरत नाही.

आणि चॉकलेटच्या बरण्या काउंटरच्या आतल्या बाजूला, दुकानदाराच्या हाताशी ठेवाव्यात.