खापराची साक्ष आणि कुदळीचे हात

मागच्या वर्षी जामनेरच्या आमच्या कॉलेजातील मुलांना घेऊन मी एका संग्रहालयात गेलो होतो. काचेआड खापरे मांडलेली. खाली गावाचे नाव, काळ आणि उत्खननकर्त्याचे नाव. एका मुलीने विचारले, "सर, हे खणलं कोणी?" मी पाटीवरचे नाव वाचून दाखवले. ती म्हणाली, "ते साहेब झाले. कुदळ कोणाची होती?"

माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तरीही हा प्रश्न मला सुचला नाही, तिला सुचला.

महाराष्ट्रात विद्यापीठीय पुरातत्त्वाचे मोठे केंद्र म्हणजे पुण्याचे डेक्कन कॉलेज. त्याचे मूळ १८२१ च्या पाठशाळेत आहे. तिला पैसा मिळाला तो पेशवाईतल्या दक्षिणा फंडातून, आणि सुरुवातीला तिचे दार ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उघडे होते. कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले. १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि ह. धी. सांकळिया तेथे पुरातत्त्व शिकवू लागले. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जेथे पोथीचा अधिकार चालला तेथेच खापराला साक्षीदाराचा मान मिळाला, हा बदल लहान नाही. पोथी ज्यांनी लिहिली त्यांनी आम्हाला वेशीबाहेर ठेवले. चूल, जाते, जळालेले धान्य आणि हाडे मात्र सर्वांचीच मागे उरतात.

शिरूर तालुक्यातील इनामगावचे उदाहरण घ्या. या कॉलेजाने १९६८ पासून तेथे अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शंभरावर घरे उजेडात आली. सधन शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मध्यभागी, तर कुंभार, सोनार, मणी घडविणारे पश्चिमेच्या कडेला, असे संशोधकांनी मांडले. एवढ्यावरून तेव्हा जात होती असे म्हणणे ही घाई होईल. भट्टीचा धूर दूर ठेवायचा म्हणूनही कुंभार कडेला गेला असेल. पण मणी घडविणाऱ्याचा धूर तो किती? असा प्रश्न आपण पुराव्यासमोर उभे राहून विचारू शकतो, हीच या शास्त्राची देणगी.

खानदेशची मातीही मुकी नाही. तापीकाठच्या सावळदा गावाचे नाव एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले. प्रकाशे येथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे अश्मयुगीन मणी मिळाले. आमच्या मुलांना इतिहास म्हटले की राजांच्या लढाया आठवतात. आपल्याच जिल्ह्यातले हे मणी आठवत नाहीत.

आता कुदळीकडे येऊ. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तेथे जमीन खणताना छबू लक्ष्मण भिल्ल यांना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. सगळ्यांचे मिळून वजन सुमारे साठ किलो. आज त्या मूर्ती मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत आहेत. या शोधकर्त्याचे नाव नोंदीत राहिले, हा अपवाद. एरवी मातीचा रंग बदलला, भिंत लागली, हे ज्याच्या हाताला आधी कळते, तो नोंदीत 'मजूर' म्हणूनच उरतो.

पुढे काय? कार्बन कालमापन आणि प्राचीन हाडांतील डीएनए यांमुळे प्रयोगशाळेचे महत्त्व वाढत जाईल. ते आवश्यकच आहे. पण विद्यापीठीय संग्रहालयांनी आणखी तीन गोष्टी कराव्यात. मजुरी दिली म्हणजे हजेरीपट होताच. तो जेथे उरला असेल तेथून नावे काढून पाटीवर लिहावीत. ज्या गावची माती खणली त्या गावच्या शाळेत निदान प्रतिकृती व मराठीत माहिती द्यावी. आणि कुदळ धरणाऱ्यांच्या मुलामुलींना हे शास्त्र शिकण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी, म्हणजे अर्थ लावण्याचे कामही त्यांच्या हाती येईल.

त्या मुलीने परवा मला विचारले, पुरातत्त्वाला प्रवेश घ्यायला काय लागते? या वेळी मला उत्तर देता आले.