कामवारीच्या काठावरची पन्नास वर्षं

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलं की नदी नाक्याचा पूल येतो. खालून वाहते ती कामवारी, आणि पुलापलीकडे शेलार. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या लेखी हे गाव कधीच शहर झालं आहे. भिवंडीच्या यंत्रमागांना लागणारी बरीच कामं आसपास चालतात. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावावी लागते. सायझिंगमध्ये शेकडो धागे एका रांगेत कढत खळीतून बुडून निघतात, वाफेनं तापलेल्या सिलिंडरांवर वाळतात आणि बीमवर गुंडाळले जातात. वाफेसाठी बॉयलर, बॉयलरसाठी कोळसा नाहीतर लाकूड. डाईंगमध्ये रंगाचं पाणी निघतं ते वेगळंच. एकाच धंद्याचा धूर वर जातो आणि सांडपाणी खाली उतरतं.

गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी या दोन्ही वाटा धुंडाळल्या, पण वेगवेगळ्या दारांतून. पाण्याचे लोक वेगळे, हवेचे वेगळे.

पाण्याच्या बाजूनं महाराष्ट्र लवकर जागा झाला होता. राज्याचा जलप्रदूषण कायदा १९६९चा, तर केंद्राचा १९७४चा. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली उभं राहिलं. मंडळ होतं, कायदा होता आणि सांडपाणीही होतं.

कारखान्यांच्या सांडपाण्यानं खाडीचं काय केलं, हे शोधायला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं गाळात उतरली. झिंगडे आणि देसाई यांचा ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००३मध्ये अनिरुद्ध राम आणि सहकाऱ्यांनी उल्हास नदीच्या खाडीतला गाळ तपासला. वसईच्या खाडीकडे जाणाऱ्या याच पाण्याला कामवारी मिळते. पद्धत साधी आणि चिकाटीची: तळात नळी खुपसायची, गाळाचा उभा दांडा बाहेर काढायचा आणि एकेक थर प्रयोगशाळेत मोजायचा. खालचे थर जुने, वरचे नवे. पाऱ्याच्या साहाय्यानं कॉस्टिक सोडा बनवणारे कारखाने काठावर आले, त्याची नोंद गाळानं करून ठेवली होती. सरकारी वहीत खाडाखोड करता येते, गाळात ती सोय नाही.

शेजारच्या ठाणे खाडीवर बांदोडकर महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथं एक चमत्कारिक गोष्ट घडली. मैल्यातून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजलं आणि १९९०च्या दशकापासून रोहित पक्षी मोठ्या संख्येनं येऊ लागले. २०१५मध्ये अभयारण्य जाहीर झालं, २०२२मध्ये पाणथळ जागांना मिळणारा रामसर दर्जा मिळाला. पर्यटकांना हे गुलाबी थवे निरोगी खाडीची खूण वाटतात. अभ्यासकांचं मत इतकं सरळ नाही.

आता हवेकडे. वर गेलेल्या धुरातला कार्बन हवा आणि समुद्र तापवतो, आणि त्याचा परिणाम पावसावर दिसतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम पाऊणशे. त्या दिवसानं मुंबई-ठाणे पट्टा बुडवला आणि पावसाचा अभ्यास पेपरांच्या पहिल्या पानावर आणला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००६मध्ये, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे बी. एन. गोस्वामी आणि सहकारी यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या नोंदी त्यांनी चाळल्या होत्या. हंगामाच्या एकूण पावसात म्हणावा तसा फरक नाही, पण मध्यम पावसाचे प्रसंग घटलेत आणि अतिवृष्टीचे वाढलेत, असं त्यांना दिसलं. सरासरी पाहणाऱ्याला सगळं ठीकच वाटलं असतं!

२०१७मध्ये याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी १९५० ते २०१५चा हिशेब मांडला. मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणारी अतिवृष्टी तिपटीनं वाढली होती. कारण अरबी समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमध्ये सापडलं. या वाऱ्यांमधले चढउतार वाढले आहेत आणि मधूनच ते बाष्पाची मोठी लाट देशात ढकलतात. केंद्र सरकारच्या हवामानबदलावरच्या २०२०च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं, आणि उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ दरम्यान एका अंशानं तापला.

शेलारकरांना हे आकडे पाठ नसतील, पण अतिवृष्टी आणि भरतीची वेळ जुळून आली तर काय होतं हे त्यांना ठाऊक आहे. कामवारीला खाडी आत घेत नाही, पाणी मागे फिरतं आणि नदी नाका, खाडीपार, तीन बत्तीची भाजी मंडई यांच्यात पसरतं. एरवी हेच पाणी भातखाचरांत आणि खारफुटीत मुरलं असतं. भिवंडी तालुक्यात माती-मुरूम टाकून गोदामं उभी राहिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाला २००५मध्ये खारफुटीची तोड थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. २०१८च्या निकालात तो पक्का झाला.

पुराचं पाणी घरात येतं तेव्हा त्यासोबत नदीचा गाळही येतो. पावसाचा निबंध तो गाळ तपासत नाही, आणि गाळाचा निबंध पाऊस मोजत नाही. दोघांची गाठ पडते ती उंबऱ्यावर, फावडं घेऊन चिखल काढणाऱ्या माणसापाशी.