कपाटातले प्रबंध आणि शोधगंगा

एम.डी. किंवा एम.एस. झालेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने आयुष्यात एक तरी प्रबंध लिहिला आहे. रात्री जागून गोळा केलेली माहिती, मार्गदर्शकांची तांबड्या शाईतली दुरुस्ती, टंकलेखकाकडच्या खेपा, आणि अखेरीस गडद निळ्या कापडी बांधणीवर सोनेरी अक्षरांत उमटलेले आपले नाव! परीक्षा पार पडली की त्या प्रबंधाच्या प्रती विद्यापीठाकडे, विभागाकडे आणि ग्रंथालयाकडे जातात. त्यानंतर त्या कुणी उघडल्या का, हा प्रश्न आपणही सहसा स्वतःला विचारत नाही.

मला तो प्रश्न पडला तो एका मुलीमुळे. नरोलीत मी दवाखाना सुरू केला तेव्हापासून येथल्या एका मराठी कुटुंबाशी माझा घरोबा आहे. वडील जवळच्या कारखान्यात फिटर. त्यांच्या मुलीला पहिली लस मीच टोचली. ती अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात असताना एके संध्याकाळी दवाखान्यात आली आणि म्हणाली, "डॉक्टरकाकू, मला सिकलसेलवर प्रकल्प करायचा आहे. रक्ताच्या काचपट्टीचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि संगणकाने निदान सांगायचे. पण वाचायला काही मिळत नाही. जो लेख उघडावा तो डॉलरमध्ये पैसे मागतो."

विषय तिने नेमका निवडला होता. दादरा-नगर हवेलीतील वारली, धोडिया, कोकणा या समाजांत हा आजार किती खोल रुजला आहे, हे येथे काम करणाऱ्या डॉक्टरांना सांगणे न लगे. सांधे धरून रडणारे, वारंवार फिकट पडणारे मूल आणि त्याला पाठुंगळीस घेऊन पाड्यावरून आलेला बाप, हे चित्र आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. माझाही एम.डी.चा प्रबंध मुलांमधील रक्तक्षयावरच होता. "माझा प्रबंध तुला वाचायला देते," असे मी मोठ्या ऐटीत सांगून टाकले.

माझ्याजवळची प्रत घर बदलताना केव्हाच हरवली होती. म्हणून सवड काढून मी माझ्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. नोंदवहीत प्रबंधाचे नाव होते. कपाटात प्रबंध नव्हता. त्या खणातील बरेचसे बांधीव खंड वाळवीने पोखरले होते आणि काही वर्षांपूर्वी ते काढून टाकले गेले होते. दोष कुणाला द्यावा? पंचवीस वर्षांत मी स्वतः तरी त्याची चौकशी कोठे केली होती? तथापि परतीच्या प्रवासात मनाला हुरहुर लागली ती माझ्या कष्टांसाठी नव्हे. ज्या मुलांचे रक्त मी तपासले होते, त्यांच्या नोंदी आता जगात कोठेच उरल्या नव्हत्या.

एका गंगेचा उगम

परत आल्यावर त्या मुलीला घेऊन मी संगणकापुढे बसले आणि आम्ही 'शोधगंगा' उघडली. आपल्यापैकी अनेकांना ही सोय ठाऊक नसावी, म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

प्रबंध कागदाऐवजी संगणकीय स्वरूपात स्वीकारण्याची सक्ती प्रथम केली ती अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने, १९९७ साली. आपल्याकडे म्हैसूर विद्यापीठाने २००० च्या सुमारास 'विद्यानिधी' हा उपक्रम हाती घेतला. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही आपल्या प्रबंधांचे स्वतंत्र संग्रहालय उभारले. मात्र देशव्यापी स्वरूप आले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीमुळे. पीएच.डी. व एम.फिल.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत विद्यापीठांनी आयोगाकडे द्यावी आणि ती सर्वांना पाहता यावी, असे त्यात ठरले. हे काम 'इन्फ्लिबनेट' या केंद्राकडे आले. हे केंद्र आज गांधीनगरला असले, तरी १९९१ साली त्याचा आरंभ पुण्याच्या 'आयुका'च्या छत्राखाली एक प्रकल्प म्हणून झाला होता, ही गोष्ट मराठी माणसास सुखावणारी आहे. आज शोधगंगेत पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. वाचण्यास शुल्क नाही आणि कुणाची शिफारसही लागत नाही. विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे नियोजित आराखडे 'शोधगंगोत्री' या जोडसंग्रहात ठेवले जातात. कृषिविद्यापीठांतील प्रबंधांसाठी 'कृषिकोश' आहे.

शोधावे कसे?

पहिल्या दिवशी आमच्या हाती फारसे काही लागले नाही. कारण आम्ही पूर्ण वाक्य लिहून शोधत होतो. हळूहळू युक्त्या उमगत गेल्या. पहिली गोष्ट म्हणजे एकाच शब्दाची अनेक रूपे लिहून पाहावीत. 'सिकलसेल' रोमन लिपीत कुणी जोडून लिहितो, कुणी तोडून. आपल्या दमणगंगेचेही तेच! दुसरे, विद्यापीठ व विभाग यांच्या यादीतून उतरत जावे. एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली एकाच विषयावर ओळीने अनेक प्रबंध झालेले असतात. एक सापडला की बाकीचे आपोआप सापडतात. तिसरे, शोधगंगेत प्रबंधाचे एकेक प्रकरण सुटे ठेवलेले असते. तेव्हा आधी सारांश आणि निष्कर्ष वाचावा, मग कार्यपद्धतीकडे वळावे. चौथे, संदर्भसूची हा खरा खजिना समजावा. पूर्वी झालेल्या कामाची ती तयार यादीच असते. आयआयटींपैकी अनेकांचे स्वतःचे संग्रह आहेत, तेही पाहावेत. 'गुगल स्कॉलर'वर शोधले तर देशोदेशींचे प्रबंध एकत्र दिसतात.

नियतकालिकातला लेख आणि प्रबंध यांत एक मोठा फरक आहे. लेखात पाहुण्यांसाठी मांडलेली बैठक दिसते; प्रबंधात स्वयंपाकघर दिसते. कोणते द्रावण कसे बनवले, कोणते यंत्र चालले नाही, कोणता प्रयोग तीनदा फसला, हे सारे त्यात सापडते. अर्थात सर्वच प्रबंध सारख्या तोलाचे नसतात. काही ढिसाळ असतात, काहींत उसनवारीही आढळते. म्हणून प्रबंधातील विधान दुसऱ्या आधाराशी ताडून पाहावे, हे मी तिला पुनःपुन्हा बजावले. आकार पाहून तर काहीच ठरवू नये. कमला सोहोनी यांना १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, ती जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर. पुढे याच बाईंनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केले, आणि कुपोषित आदिवासी मुलांच्या आहाराशी त्याचा संबंध जोडला.

एका प्रकरणाने काय केले?

तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा आली, ती जराशी हिरमुसलेली. एका प्रबंधाच्या प्रस्तावनेतच तिच्या कल्पनेला छेद गेला होता. ज्याला आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळाले, त्या वाहकाच्या तांबड्या पेशी साध्या काचपट्टीवर निरोगी माणसासारख्याच गोल दिसतात. प्राणवायू काढून घेतल्याखेरीज त्या विळ्याचा आकार घेत नाहीत. म्हणजे फोटो कितीही उत्तम काढला, तरी चाचणीत ज्यांना शोधून काढायचे ते वाहकच निसटणार होते! मला हे ठाऊक होते. पण पहिल्या संध्याकाळी तिचा उत्साह पाहून माझ्याही ध्यानात आले नाही. ते पान वाचले नसते तर मुलीचे अख्खे वर्ष वाया गेले असते.

मग तिने प्रकल्प बदलला. आपण विद्राव्यता चाचणी करतो, तीत रक्त डायथिओनाइटच्या द्रावणात मिसळल्यावर दोषी हिमोग्लोबिन विरघळत नाही आणि नळी गढूळ होते. मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसतात की नाही, यावर निकाल ठरतो. अंधुक उजेडात, थकलेल्या डोळ्यांना तो निकाल चकवतो. तिने प्रकाशाचा एक छोटा दिवा आणि संवेदक बसवून तो गढूळपणा आकड्यात मोजण्याचे साधन जुळवले. मी तिला मर्यादाही सांगितल्या. सहा महिन्यांखालील बाळांत ही चाचणी भरवशाची नाही. तीव्र रक्तक्षयात ती फसू शकते. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे तिच्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावेच लागते. तिने हे सर्व आपल्या अहवालात प्रामाणिकपणे नोंदवले. साधन फार मोठे नाही. पण १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. असे काम पाड्यापाड्यावर जाऊनच करायचे असते, तेथे अशा लहान साधनांचेही मोल आहे.

आता आपले काय?

२००९ चा नियम पीएच.डी. आणि एम.फिल.पुरता होता. आपले एम.डी., एम.एस.चे प्रबंध त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे भातशेतीतला सर्पदंश, आदिवासी मातांचा रक्तक्षय, कारखान्यातील कामगारांचा दमा अशा विषयांवर आपल्या सभासदांनी तरुणपणी केलेले काम कपाटांतच पडून असेल. वाळवी त्याच्याकडे लक्ष ठेवून आहे, हे मी स्वानुभवाने सांगते.

संगणकीय प्रत अमर असते असेही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची प्रबंधांची 'ईथॉस' ही सेवा दीर्घकाळ बंद राहिली. म्हणून प्रती एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात, एवढाच त्याचा बोध.

आपल्या मंडळापुढे माझी एक विनंती आहे. ज्या सभासदांकडे आपल्या प्रबंधाची प्रत शिल्लक आहे, त्यांनी ती आणावी. रुग्णांची नावे व ओळखीच्या खुणा झाकून, विद्यापीठाचे काही बंधन असल्यास ते पाहून, आपण तिची संगणकीय प्रत करू आणि येथील तरुण डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना ती उपलब्ध ठेवू. एका रविवारी एक स्कॅनर आणि चार जणांचे हात एवढ्यावर आरंभ होईल. माझा प्रबंध त्यात नसेल, याची खंत आहे. परंतु त्या मुलीने आपल्या अहवालाची प्रत मला आणून दिली आहे. पदवीचा अहवाल शोधगंगेत जात नाही. तेव्हा आपल्या संग्रहातला पहिला खंड तोच असावा, असे मला वाटते.