नाइट ड्यूटी, मेडिसिन वॉर्ड

रात्री 7:45
ओव्हर घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: खाटांवर किती, फ्लोअरवर किती? मुंबईत पावसाळ्यात मेडिसिनच्या वॉर्डात खाटा पुरतच नाहीत. डेंग्यू, लेप्टो, मलेरिया आणि त्यात नेहमीचे शुगर-किडनीवाले. आज खाटांवर चाळीस, खाली गाद्यांवर अकरा. स्टाफ आम्ही दोघी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात प्रत्येक पाळीत नऊ रुग्णांमागे एक परिचारिका हवी. त्या हिशोबाने या वॉर्डात आत्ता सहा जणी असायला हव्या होत्या.

8:30
इंजेक्शनं. व्हायल फोडायची, डिस्टिल्ड वॉटर घालून हलवायची, ओढून घ्यायची, केसपेपर बघून नाव विचारायचं, मगच द्यायचं. शेवटच्या खाटेपर्यंत पोचायला अकरा वाजतात. वाटेत एक आजी म्हणतात, "पोरी, घोटभर पाणी दे गं." मी "आले हं आजी" म्हणून पुढे जाते, कारण पुढच्या खाटेवरची सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं असतं. रात्रभरात अशी किती "आले हं" देते, कुणास ठाऊक.

मध्यरात्र 12
सतरा नंबरला पक्षाघाताची बाई आहे. तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी वळवलं नाही तर माकडहाडाशी जखम सुरू होते, हे पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही सांगेल. दहाला आम्ही दोघींनी मिळून वळवलं होतं. बाराला नवीन ॲडमिशन आलं, झटके येत होते. तिचं वळवणं राहिलं.

मला कुणी विचारलं की नर्स थकते कशाने, तर मी हेच सांगेन. पाय दुखतात, पण पायांना झोप मिळाली की उतार पडतो. काय करायला हवं ते नेमकं ठाऊक असताना ते रोज हातून राहतं, ते मात्र झोपेत सुद्धा सोबत येतं.

2:00
रक्तपेढीतून प्लेटलेट्स आणायच्यात. वॉर्डबॉय मामा एकच, तेही एक्स-रेला गेलेले. मीच निघते. मागचा जिना अंधारा आहे. मुंबईतल्या प्रत्येक नर्सला अरुणा शानबाग हे नाव ठाऊक असतं. 1973 च्या नोव्हेंबरात केईएम रुग्णालयात ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना त्यांच्यावर हल्ला झाला, आणि 2015 पर्यंत तिथल्याच परिचारिकांनी त्यांचं सगळं केलं. त्या जिन्यावरून जाताना माझी पावलं अजूनही आपोआप भराभर पडतात. दोनचं वळवणंही राहिलं.

3:40
सहा नंबरच्या काकांना व्हेंटिलेटर मिळाला नव्हता. संध्याकाळपासून त्यांचा मुलगा श्वास देण्यासाठी हाताने अम्बू बॅग दाबत बसला होता. मध्ये मध्ये चुलत्याला बसवायचा, परत स्वतः यायचा. काकांचं हृदय थांबलं. मी कॉम्प्रेशन दिले, जोडीदारीण औषधं भरत होती, डॉक्टरांनी पंचवीस मिनिटांनी घोषित केलं. तरी मुलगा बॅग दाबतच होता. त्याची बोटं एकेक करून मला सोडवावी लागली. "दादा, आता राहू दे." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मी नीट दाबत होतो ना?"

"अगदी नीट," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

मग मावशींसोबत नाकात कापूस, हनुवटीला बँडेज, पायाचे अंगठे बांधले, लेबल लावलं. साडेचारला शुगर तपासायला निघालो. त्या मुलाजवळ दहा मिनिटं बसायला वॉर्डात कुणीही नव्हतं. आमच्याजवळ बसायलाही नव्हतं. सिरिंज हातात घेऊन जोडीदारीण म्हणाली, "ताई, मला काहीच वाटलं नाही. घरी जेवण काय करायचं, तेच डोक्यात चालू होतं."

ती नोकरीला लागली तेव्हा पहिल्या मृत्यूनंतर लिनन रूममध्ये रडली होती. याला नाव आहे, बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली त्याची व्याख्या केली, त्यात तीन खुणा दिल्यात: अंगातली शक्ती संपणं, कामावरून मन उठणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न हाताळल्याचा तो परिणाम, असं म्हणते. दर 12 मेला परिचारिका दिनी आमच्यासाठी ध्यानाचं शिबिर ठेवतात. ध्यान चांगलंच आहे. पण ताण वॉर्डातून येत असेल, तर उपायही ड्यूटी लिस्टमध्ये दिसला पाहिजे.

6:00
टीपीआर (ताप, नाडी, श्वास), रक्ताचे नमुने, स्पंजिंग. सतरा नंबरला कुशीवर घेतलं. माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग. अंगठ्याने दाबून पाहिला. निरोगी कातडी दाबली की पांढरी पडते. हा तसाच लाल राहिला.

8:10
ओव्हर दिली. रिपोर्ट बुकात मी लिहिलं: पेशंट 51, स्टाफ 2, खाट 17 चं 12 आणि 2 चं पोझिशन चेंज होऊ शकलं नाही, कारण अमुक. सकाळच्या सिस्टर म्हणाल्या, "कशाला लिहितेस? तुझ्यावरच येईल." त्यांचंही बरोबर आहे, असं येतं. तरी ते तसंच ठेवलं. लिहिलंच नाही, तर कागदोपत्री सगळं पुरेसंच दिसत राहतं.

9:00
गेटबाहेर चहा. जोडीदारणीला मी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर सेव्ह करायला लावला. केंद्राने 2022 च्या ऑक्टोबरात सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, कधीही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येतं.

"पण सांगू काय? पेशंट गेला आणि मला काही वाटलं नाही, असं?"

"हो, तेच सांग. झोप झाली की लाव. आणि तुझ्या पुढच्या नाइट बदलून द्या, असं मी आजच इन्चार्जना सांगते."