रेंज नसतानाही चालणारा अभ्यासक्रम

महाविद्यालयीन ऑनलाइन अध्यापन : लेखांक 4

मार्च 2020 मध्ये महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि प्राध्यापकांनी मोबाइलसमोर बसून तासिका घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या खटाटोपाला अमेरिकेतील चार्ल्स हॉजेस व त्यांच्या सहलेखकांनी त्याच महिन्यात ‘आपत्कालीन दूराध्यापन’ असे वेगळे नाव दिले. नियोजनपूर्वक रचलेला ऑनलाइन अभ्यासक्रम आणि संकटकाळी जसाच्या तसा पडद्यावर नेलेला वर्ग या दोहोंना एकाच मापाने मोजू नये, हा त्यांचा मुद्दा होता. तो महाराष्ट्रात पुरेसा रुजला नाही. त्या काळातील अनुभवावरून ‘आपल्याकडे ऑनलाइन चालत नाही’ असा कायमचा निष्कर्ष काढून मोकळे झालेले प्राध्यापक आजही भेटतात, आणि ज्याची परीक्षा कधी झालीच नाही तो नापास ठरतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर परिसरात हा निष्कर्ष अधिक सहज पटण्यासारखा आहे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, तरी ताडोब्याच्या कोलारा प्रवेशद्वाराकडील गावांतून किंवा नेरी, भिसी, शंकरपूर या बाजूंनी शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचे महाविद्यालयाशी असलेले नाते अजूनही एसटीच्या वेळापत्रकाशी बांधलेले असते. घरात मोबाइल एकच असेल तर तो दिवसा वडिलांबरोबर बाहेर जातो, आणि रेंज अनेकदा घरात नसून गावाबाहेरच्या एखाद्या उंचवट्यावर मिळते. अशा ठिकाणी सकाळी अकराला ‘जॉइन व्हा’ असे सांगणारी तासिका म्हणजे काही विद्यार्थ्यांपुरती तासिका होय. मात्र या अडचणीतून निघणारा निष्कर्ष नेहमीच्या निष्कर्षाच्या नेमका उलट आहे. रेंज तुटल्याने ज्या अभ्यासक्रमाचे फारसे बिघडत नाही, तो बहुधा शिकण्याच्या दृष्टीनेही अधिक चांगला रचलेला असतो, कारण तुटक जोडणी प्राध्यापकाकडून ज्या गोष्टींची सक्ती करते, त्यांतील बहुतेक गोष्टी अध्ययनशास्त्र स्वतंत्रपणे सुचवतच आले आहे.

यातील पहिली गोष्ट आकाराची. सेकंदाला 500 किलोबिट या साध्या दर्जाने चित्रित केलेली 48 मिनिटांची पूर्ण तासिका सुमारे 180 एमबी होते, त्याच दर्जाची सहा मिनिटांची चित्रफीत साडेबावीस एमबीत मावते, आणि सेकंदाला 32 किलोबिटांनी ध्वनिमुद्रित केलेले आठ मिनिटांचे निवेदन तर दोन एमबीच्या आतच राहते. शेवटच्या दोन फायली आठवडी बाजाराला तालुक्याच्या गावी आलेला विद्यार्थी एसटी सुटेपर्यंत उतरवून घेऊ शकतो. पहिली घेऊ शकेलच असे नाही. 2014 मध्ये फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या अभ्यासमंचावरील चित्रफिती पाहण्याच्या 69 लाख नोंदी तपासल्या, तेव्हा छोट्या चित्रफितींकडे विद्यार्थ्यांचे लक्ष अधिक टिकते असे दिसले आणि त्यांनी सहा मिनिटांहून छोटे तुकडे करण्याची शिफारस केली. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मात्र कमी उद्धृत होतो : वर्गातील व्याख्यान उत्तम दर्जाने चित्रित करून नंतर त्याचे तुकडे पाडले, तर ते मुळापासून तुकड्यांसाठी रचलेल्या चित्रफितींइतके धरून ठेवत नाहीत. केवळ कात्री चालवून काम भागत नाही, कारण वर्गातल्या बोलण्याचा ओघ समोरच्या चेहऱ्यांवर अवलंबून असतो आणि चित्रफितीत ते चेहरे नसतात. दिलासा देणारी बाब अशी की, खर्चिक स्टुडिओतील चित्रीकरणापेक्षा टेबलाशी बसून साधेपणाने केलेले निवेदन त्या अभ्यासात अधिक परिणामकारक दिसले. भाड्याच्या कॅमेऱ्यासाठी अडून बसण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

न दिसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिहिण्याची विद्या मराठीला नवी नाही. राम ताकवले हे ज्याचे पहिले कुलगुरू होते ते यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये नाशिकला सुरू झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य ठरले. पण बोधवाक्यापेक्षा महत्त्वाची आहे ती त्यामागची स्वयंअध्ययन पुस्तिकेची कल्पना, म्हणजे शिक्षक शेजारी नसतानाही शिक्षकाचे काम करील असे लेखन. अशा पुस्तिकेत घटकाच्या आरंभी उद्दिष्टे येतात, दोन-चार पानांनंतर वाचकाला थांबवून प्रश्न विचारला जातो आणि उत्तर ताडून पाहण्याची सोय केलेली असते. अशा लेखनाला स्वीडिश शिक्षणतज्ज्ञ बॉर्ये होल्मबर्ग यांनी मार्गदर्शक संवाद मानले. कागदावरचा मजकूरही विद्यार्थ्याशी बोलू शकतो, असा त्याचा अर्थ. त्याच परंपरेतले डिजिटल उदाहरण मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या प्रकल्पात सापडते. संगणकीय प्रणाली शिकवणाऱ्या त्याच्या सुमारे दहा मिनिटांच्या चित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध असून विद्यार्थ्याने थोडे पाहावे, थांबवावे आणि तीच कृती स्वतः करून मग पुढे जावे अशी त्यांची रचना असते. त्यांची संहिता दोन स्तंभांत लिहिली जाते, एका स्तंभात पडद्यावर काय दिसेल ते आणि दुसऱ्यात काय ऐकू येईल ते, आणि विषय अजिबात न येणाऱ्या नवख्या व्यक्तीकडून ती तपासून घेण्याची एक स्वतंत्र पायरी तेथे आहे. एकच गोष्ट उचलायची असेल तर प्राध्यापकांनी ही शेवटची पायरी उचलावी, कारण विषयातला सहकारी तपासायला बसला की गाळलेल्या पायऱ्या तो मनातल्या मनात भरून घेतो.

हे सर्व प्रत्यक्षात कसे उतरते, हे राज्यशास्त्राच्या एका घटकावरून पाहता येईल. 2006 चा वनहक्क कायदा हा विषय या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोहोचलेला असतो, पण पाठ्यपुस्तकातून तो तरतुदींच्या यादीसारखा समोर येतो. घटकाची आखणी शेवटापासून करावी, म्हणजे आधी अध्ययन निष्पत्ती ठरवावी. घटक संपल्यावर विद्यार्थी काय करून दाखवू शकेल याचे तपासता येईल असे विधान, हा त्या संज्ञेचा अर्थ. ‘विद्यार्थ्याला वनहक्क कायद्याची माहिती होईल’ हे वाक्य या अर्थाने निष्पत्ती ठरत नाही, कारण माहिती झाली की नाही हे कोणालाही पाहता येत नाही. ‘वैयक्तिक आणि सामूहिक वनहक्कांतील फरक विद्यार्थी स्वतःच्या गावाच्या उदाहरणाने स्पष्ट करील’ ही मात्र तपासता येणारी निष्पत्ती आहे. ती एकदा ठरली की उरलेला मजकूर आपोआप आटोपशीर होतो. पहिल्या सहा मिनिटांत वैयक्तिक हक्क : 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेली व कसलेली वनजमीन, आणि त्यावरील चार हेक्टरची कमाल मर्यादा. दुसऱ्या तुकड्यात सामूहिक वनहक्क, म्हणजे परंपरेने वापरात असलेल्या जंगलाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क, आणि त्यासाठी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण, ज्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि ज्याने पुढे स्वतःच्या बांबूची विक्री केली. तिसऱ्या तुकड्यात व्याख्यान अजिबात नाही. विद्यार्थ्याने गावातील वनहक्क समितीच्या एखाद्या सदस्याला किंवा घरातील वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत, उत्तरे वहीच्या एका पानावर लिहावीत आणि त्या पानाचा फोटो रेंज मिळेल तेव्हा पाठवावा. या कामाला इंटरनेट जवळजवळ लागत नाही, नक्कल करणेही अवघड, कारण प्रत्येक गावाचे उत्तर वेगळे.

तुकड्यांच्या मध्ये येणारे प्रश्न बहुतेक अभ्यासक्रमांत सर्वांत हलगर्जीपणे लिहिले जातात. वनहक्क म्हणजे शेतजमिनीचा पट्टा, हा या विषयातील नेहमीचा गैरसमज; म्हणून बहुपर्यायी प्रश्नातील एक पर्याय तोच असावा, आणि तो निवडणाऱ्याला ‘चूक’ एवढेच न सांगता पट्टा हा वैयक्तिक हक्काचा भाग असून जंगलाचे व्यवस्थापन त्यात येत नाही, हे दोन वाक्यांत सांगावे. प्रश्न केवळ गुण देण्यासाठी नसतात. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांच्या 2006 मधील प्रयोगात एकच उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, तर न पाहता तो आठवून लिहिणारे विद्यार्थी आठवड्यानंतरच्या चाचणीत पुढे गेले. आठवण्याचा प्रयत्न ही स्वतःच शिकण्याची क्रिया आहे, असा त्याचा अर्थ, आणि तिला लागतो फक्त कागद आणि पेन.

भाषेच्या बाबतीत मात्र परदेशी नियम जसाच्या तसा उचलता येणार नाही. बहुमाध्यम अध्ययनाचे अभ्यासक रिचर्ड मेयर यांचे एक तत्त्व असे की, निवेदन चालू असताना तोच मजकूर शब्दशः पडद्यावर दाखवू नये, कारण ऐकणे आणि वाचणे एकमेकांच्या आड येते. निवेदनाची भाषा ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी हे तत्त्व शिथिल होते, हे त्यांनीही मान्य केले आहे. घरी गोंडी किंवा माडिया बोलणारा विद्यार्थी प्रमाण मराठीतील पारिभाषिक शब्द पहिल्यांदा ऐकतो तेव्हा तो लिहिलेलाही दिसावा, हे योग्यच आहे. झाडीबोली बोलणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. पूर्ण वाक्ये टाळून फक्त नवे शब्द दाखवावेत, एवढी तडजोड पुरेशी ठरते.

2017 मध्ये राष्ट्रीय पातळीवर सुरू झालेल्या ‘स्वयम्’ मंचाने अभ्यासक्रमाचे चार चतुर्थांश ठरवले : चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा. 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मंचावरून पूर्ण करून श्रेयांक मिळवता येतात. 2016 मध्ये ही मर्यादा 20 टक्के होती. चार चतुर्थांशांपैकी चौथा सर्वांत दुबळा राहतो, कारण तो एकदा तयार करून ठेवता येत नाही, दर आठवड्याला जगावा लागतो. रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन व वॉल्टर आर्चर यांनी 2000 मध्ये ज्याला ‘अध्यापकीय उपस्थिती’ म्हटले, ती म्हणजे शिक्षक पडद्यावर दिसणे नसून तो मार्ग आखतो आहे आणि काम वाचतो आहे ही विद्यार्थ्याची खात्री होय. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पाठवलेला दोन मिनिटांचा आवाजी निरोप ती देऊ शकतो. चर्चेसाठी व्हॉट्सॲप गट सोयीचा असला, तरी त्यात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, ही बाब विद्यार्थिनींच्या घरच्यांना खटकू शकते. म्हणून सूचनांसाठी गटाऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरावी आणि वहीचे फोटो थेट शिक्षकाकडे मागवावेत.

मुदतीचे वेळापत्रकही शेतशिवाराकडे पाहून आखावे लागते. धानाच्या रोवणीचे दिवस, दिवाळीच्या आसपासची कापणी, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपान, या काळात घरातील प्रत्येक हात कामाला लागलेला असतो. रात्री बारा वाजता बंद होणाऱ्या मुदतीपेक्षा आठ-दहा दिवसांची खिडकी ठेवणे आणि सत्रातील दहापैकी उत्तम आठ कामेच गुणांसाठी धरणे, यात शिस्त ढिली होत नाही. उलट उशिरा पाठवलेल्या कामांची वादावादी संपते.

हे सर्व करताना शिक्षकाच्या वेळेचा हिशेब आधीच मांडलेला बरा. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक पानाला चार मिनिटे दिली तरी आठवड्याला चार तास जातात, आणि कार्यभाराच्या तक्त्यात ते सहसा कोठेही दिसत नाहीत. सर्व पाने वाचून, सारखी चूक करणाऱ्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच आवाजी निरोप देणे ही व्यवहार्य वाट आहे. वैयक्तिक उत्तर मग त्या आठवड्यात अडलेल्या पाच-सहा जणांपुरते राखून ठेवता येते. याच पानांतून पुढच्या वर्षीचे कामही निघते : बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ज्या प्रश्नाला तोच चुकीचा पर्याय निवडला, तेथील चित्रफीत पुन्हा मुद्रित करावी, बाकीच्यांना हात लावू नये.