सूची, क्रमांक आणि पाठ : अँड्रोजेन-ग्राहीच्या उत्परिवर्तनकोशाविषयी

जयपूरच्या वेधशाळेतील प्रचंड दगडी यंत्रे पाहणाऱ्यास असे सहज वाटते की, सवाई जयसिंहांच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ज्योतिषसारणीतील तारकासूची अशाच यंत्रांच्या वेधांतून सिद्ध झाली असावी. वस्तुतः ती समरकंदच्या उलुगबेगाच्या १४३७च्या सूचीवर आधारलेली आहे. मधल्या काळातील संपातचलन लक्षात घेऊन ताऱ्यांच्या भोगांत सरसकट ४ अंश ८ कला मिळविलेल्या आहेत. तारे तेच राहिले, अंक बदलले. आणि मूळ वेधांतील त्रुटीही नव्या अंकांच्या आड पुढे आल्या. आधाररेषा बदलली की जुन्या नोंदींचे काय होते, हा प्रश्न जीवशास्त्रातील एका अलीकडच्या सूचीसंबंधीही उपस्थित होतो. पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या अभ्यासकांना तो अपरिचित वाटू नये.

संप्रेरके रक्तावाटे शरीरभर फिरतात. परंतु त्यांना ओळखणारे ग्राही प्रथिन ज्या पेशीत असते, तेथेच त्यांचा संदेश वाचला जातो. अँड्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यात विशिष्ट बदल झाल्यास एक्सवाय गुणसूत्रे असलेल्या व्यक्तीचे शरीर अँड्रोजेनला अंशतः किंवा पूर्णतः प्रतिसाद देत नाही. हा अभाव पूर्ण असेल तर बाह्य शरीररचना स्त्रीची असते, आणि पुष्कळदा ऋतुप्राप्ती न झाल्यामुळेच ही बाब प्रथम लक्षात येते. याच जनुकातील अन्य बदल पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात आढळतात. माँट्रियल येथील लेडी डेव्हिस संस्थेत या सर्व बदलांचा कोश १९९०च्या दशकात सिद्ध झाला आणि पुढे आंतरजालावर खुला झाला. २००४मध्ये त्यात ६०५ नोंदी होत्या. २०१२च्या आवृत्तीत त्या १,०२९ झाल्या.

या कोशातील प्रत्येक नोंद एका स्थानक्रमांकावर उभी असते. अडचण अशी की, या प्रथिनात एकाच अमिनो आम्लाची सलग पुनरावृत्ती असलेले भाग आहेत आणि त्यांची लांबी निरोगी माणसांतही वेगवेगळी असते. त्यामुळे अमुक अक्षर कितवे, याचे उत्तर कोणता पाठ प्रमाण मानला यावर अवलंबून राहते. पूर्वीच्या शोधनिबंधांत ९१९ अमिनो आम्लांचा पाठ प्रचलित होता. पुढे ९२० अमिनो आम्लांचा पाठ प्रमाण मानला गेला. परिणामी संप्रेरक धरून ठेवणाऱ्या भागातील क्रमांक एकाने वाढले. जुन्या गणनेत ८७७ या स्थानी थ्रिओनिन आहे. नव्या गणनेत तेच ८७८वर जाते आणि ८७७वर त्याच्या आधीचे फेनिलअॅलॅनिन येते.

हा भेद केवळ लेखनिकाचा नव्हे. जुन्या ८७७वरील थ्रिओनिनच्या जागी अॅलॅनिन आले की फ्लुटामाइड हे ग्राहीला रोखण्यासाठी दिलेले औषध त्याला उद्दीपित करू लागते. नव्या ८७७वरील फेनिलअॅलॅनिन बदलून ल्युसिन आले की हीच उलटापालट एन्झालुटामाइड या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत घडते. क्रमांक एकच, परंतु बदल दोन आणि औषधेही दोन. नोंद कोणत्या गणनेतील आहे हे न पाहता वाचणारा चुकीच्या निष्कर्षाप्रत येऊ शकतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तेथे संहिता वर आणि पाठभेद खाली दिलेले आहेत. सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांच्या हातची प्रत नव्हे, तर उपलब्ध पोथ्यांच्या आधारे विवेकाने ठरविलेला पाठ होय, हे तिच्या संपादकांना ठाऊक होते. जनुकाचा प्रमाण पाठही असाच संदर्भासाठी ठरविलेला असतो. तो ‘मूळ’ नाही, आणि त्याहून वेगळे ते सारे ‘सदोष’ असेही नाही.

मात्र साम्य येथेच संपते. पोथीतील अपपाठ संपादकाला तळटीपेत ठेवता येतो. कोशातील प्रत्येक पाठभेदामागे एक जिवंत शरीर असते. शिवाय आंशिक असंवेदनशीलतेत एकाच कुटुंबातील, एकच बदल असलेल्या व्यक्तींची शरीरलक्षणेही भिन्न असल्याचे आढळले आहे. म्हणजे नोंद जुळली तरी तेवढ्याने त्या व्यक्तीचे पुढचे आयुष्य वाचता येत नाही. मुलीची तपासणी करून घेणाऱ्या आईवडिलांपुढे कोशातील ओळ ठेवली जाते तेव्हा हे सांगितले न गेल्यास, ती ओळ माहिती न राहता निवाडा ठरते.

म्हणून अशा कोशाकडे जाताना पाठचिकित्सेचे जुनेच प्रश्न विचारावेत : प्रमाण पाठ कोणता, गणना कोणती, मूळ निरीक्षण कोणाचे, आणि ते पुन्हा पडताळले गेले की केवळ पुढे उतरवले गेले? जयपूरच्या सारणीत ४ अंश ८ कलांची भर कोठून आली हे ठाऊक असणाऱ्यालाच तिच्यातील ताऱ्यांची स्थाने कितपत विश्वसनीय आहेत हे सांगता येते.